जागेवर जोडायची टाकी

कर्जतच्या बाजारात धाकलू काचवाल्याच्या दुकानात कमळाकर पहिल्यांदा आला, तो भावाच्या फोटोला चौकट करून घ्यायला. धाकलूच्या लेकीने, इंदूने, फोटो हातात घेतला, जहाजाच्या कठड्याला टेकून हसणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. काचेच्या दुकानात वाढलेल्या पोरीला असे फोटो कशासाठी येतात हे सांगावं लागत नाही. वडिलांचे डोळे अधू झाल्यापासून काच कापायचं काम तीच करायची. तिच्या हातातली हिरकणी काचेवरून सरसर गेली, कट्ट आवाज झाला, आणि कमळाकर आपण कशाला आलो तेच विसरून बघत राहिला.

“झालं,” ती म्हणाली. “आणखी काय?”

“आणखी... काच. मोठी.”

“केवढी?”

त्याने दोन्ही हात पसरले. दुकान अरुंद, एक हात आरशावर आपटला.

“अरे द्येवा! एवढा मोठा फोटो कुनाचा हाय?”

“फोटोला नाय. पाकट माशाला.”

इंदूला हसू आवरेना. “पाकट? आमी तर कालवनात घालतो.”

“हे गोड्या पान्यातलं हाय. दादानं आनलंय... पार दक्षिण अमेरिकेतनं.”

मग त्याने सगळं सांगितलं. दादा म्हणजे फोटोतला कोंडीराम. जहाजावर नोकरीला. या खेपेला आला तो अंगात कावीळ आणि हातात डबा घेऊन. डब्यात बशीएवढी दोन पाकटं होती. घर गाठलं आणि आठवड्याच्या आत गेला. पाकटं आता पळसदरीच्या घरी पत्र्याच्या टबात होती आणि आई, विठाबाई, दिवसभर टबाशी बसून असायची. लेकाने हात लावलेलं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. ती दोन जगवायची, एवढं एकच कमळाकरने मनाशी धरलं होतं.

इंदूचं हसू केव्हाच गेलं होतं. फळीवरच्या उंच टाकीकडे तिने बोट दाखवलं. “ही चालंल?”

“नाय. दादा म्हनायचा, त्याला उंची नको, तळ पायजे. ते तळालाच असतं, वाळूत.”

“मग वळतं कसं?”

कमळाकरने तळहात गल्ल्याच्या काचेवर उपडा ठेवला आणि बोटांच्या कडा हलवत, लहरत, सावकाश पुढे नेला. इंदूच्या हाताजवळ येऊन हात थांबला. तिने आपला हात काढला नाही. दोघंही उगीचच गल्ल्याकडे बघत राहिली.

“शेपटीला काटा असतो,” तो घाईघाईने म्हणाला. “पन उगाच मारत नाय. कुनी पाय दिला तरच.”

“शहानं हाय म्हनायचं,” इंदू म्हणाली.

तिने खडू घेऊन फरशीवर चौकोन काढला, त्यात बशी ठेवली आणि फिरवून पाहिली. बशी कोपऱ्यात अडली. चौकोन पुसून मोठा केला, मग आणखी मोठा. शेवटी चौकोन एवढा झाला की दोघांना उभं राहायला त्याच्या आतच यावं लागलं.

“ही खरी,” ती म्हणाली. “रुंद, लांब अन् बुटकी. पन एवढी टाकी इथं जोडून न्येता यायची नाय. टेंपोत हादरली की सांधे सुटले. जिथं ठेवायची तिथंच जोडायची. एकदा बसली की हलायची नाय.”

“मग घरी या ना,” कमळाकर म्हणाला. बिचारा किती सहज म्हणाला!

त्यानंतर काचेचे नमुने बघायला तो इतक्या वेळा आला की अधू डोळ्यांच्या धाकलूलाही दिसायचं ते दिसलं. “पोरी,” तो एवढंच म्हणाला, “तेंच्या घरात तुला कुनी पानी विचारनार नाय.” धाकलूने नागपूरच्या दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले होते. पण गावाने काय सोडलं होतं आणि काय नाही, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

इंदू तरीही पळसदरीला गेली. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. घरातली थंड जागा एकच, माजघर. टाकी तिथेच बसायला हवी होती. विठाबाई उंबऱ्यात उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाजात ओलावा नव्हता.

“आत कशाला? ओटीवर लाव.”

“मावशी, ओटी तापते. पानी उकळंल.”

“मंग बारकी कर. दुकानात कर, हा उचलून आनील.”

इंदूने कमळाकरकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं. अंगणातल्या एका मुंगीवर त्याची नजर अशी खिळली होती की जणू जन्मात मुंगी पाहिली नव्हती. मग तो हळूच म्हणाला, “बारकी... होईल ना, इंदू?”

“व्हईल की,” ती म्हणाली.

बारकी झाली. तिने चोख करून दिली. आणि त्या बारक्या टाकीत एक पाकट मेलं. वळायला गेलं की काचेला नाक घासायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा घासायचं. नाकाची साल निघाली, कडा वर मुडपल्या, आणि एका सकाळी ते पांढरं पोट वर करून पडलेलं दिसलं. विठाबाईने ते पदरात घेतलं. कोंडीरामाच्या वेळी रडली नव्हती इतकी रडली. कमळाकरने परसात केळीखाली खड्डा खणला आणि माती लोटताना त्याला पुरतं कळलं की हे आपण मारलंय.

तो तसाच, हाताला माती घेऊन, दुकानात आला.

“एक गेलं,” तो म्हणाला.

इंदूच्या हातातली हिरकणी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही.

“वाईट झालं. पन त्या दिवशी मी उन्हात उभी व्हते, ते तुमाला दिसलं नाय.”

“दिसलं व्हतं.”

“मंग तर जास्तच वाईट.”

कमळाकरने हाताची माती चोळून झाडली.

“दुसरं तरी वाचव, इंदू. घरी चल.”

“नुसती काचवाली म्हनून नाय यायची.”

“मंग... कोन म्हनून?”

“ते तुमी ठरवा. अन् तुमच्या घरात, मोठ्यानं सांगा. माझ्या कानात नको.”

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, अख्खी आळी बघत असताना, टेंपोतून काचा उतरल्या. विठाबाई उंबऱ्यात होतीच. या वेळी कमळाकरने मान वर ठेवली.

“आई, ही इंदू. टाकी माजघरात जोडनार हाय. अन् टाकी झाल्यावर... ही हितंच र्‍हानार हाय. माझी बायको म्हनून. ती हो म्हनाली तर.”

इंदूने पदर खोचला. “हो,” ती म्हणाली, आणि काच उचलली.

विठाबाई किंचाळली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं कमळाकरला वाटलं. तिने आत जाऊन गाठोडं बांधलं, बारक्या टाकीशी वाकून पाण्यावर एकदा हात फिरवला आणि भावाकडे कडावला निघाली. “एक लेक काविळीनं न्येला,” जाताना म्हणाली, “दुसरा हिनं.” ते वाक्य माजघरात कितीतरी दिवस राहिलं.

टाकी झाली. सांध्यांचा आंबूस वास गेला, पाणी स्थिर झालं, पाकट सोडलं. ते क्षणभर थबकलं आणि मग कडा लहरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, वळलं, कुठे न अडता परत आलं. कमळाकरने इंदूचा हात धरला. दोघंही रडली. विहारात लग्न लागलं तेव्हा धाकलूची माणसं होती. कमळाकरकडचं कुणी नव्हतं.

श्रावण लागला तसा एक दिवस कमळाकरचा कडावचा मामेभाऊ पोशा दूध घालून जाताना दारात थांबला. भिजलेला होता. त्याने पानांची पुडी पुढे केली. भातखाचरातले बारीक झिंगे, अजून तडफडणारे.

“आत्यानं धाडल्यात. माशासाठी.”

“आन् काय म्हनली?” कमळाकरने विचारलं.

“माशासाठी. एवढंच.”

पुडी येत राहिली. इंदू झिंगे टाकीत सोडायची. एखादा उरला तरी तो कालवणात घालायची नाही. आपल्यासाठी नाहीत ते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कमळाकर विचारायचा, “जाऊन येऊ का कडावला?” ती म्हणायची, “तुमी जावा. मला बोलावलं तर मी यीन.”

भात निसवून लोंब्या आल्या त्या सुमारास, रिपरिप पावसात पोशा आला तो दोन पुड्या घेऊन. “आज दोन दिल्यात,” म्हणाला आणि सायकलवर बसून गेलाही.

इंदूने एक उघडली. नेहमीचे, जिवंत, उड्या मारणारे. टाकीत सोडले, वाळू हलली, पाकट वर आलं.

मग तिने दुसरी उघडली आणि खाली बसली. कमळाकर धावत आला. “काय झालं गं?”

तिने पुडी त्याच्यापुढे धरली. झिंगे सोललेले होते, एकेक डोकं काढून निगुतीने साफ केलेले. आणि त्यांना हळद-मीठ चोळलेलं होतं.

“हे माशाला चालत नाय,” इंदू म्हणाली. ती उठली आणि चुलीवर तवा ठेवला.