केळझरच्या ट्रकचा डायनामो

पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड काउंटरवर ठेवत त्यानं विचारलं, "अण्णाजी कुठी हायेत?"

"डोळ्यात औषध टाकाले दवाखान्यात गेले. मले सांगा," कोकिळा म्हणाली.

तो घुटमळला. वर्धा स्टेशनजवळच्या या मोटार पार्टच्या दुकानात मुलगी बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. त्या वर्षी, छप्पन साली, अण्णाजींची नजर अधू झाली आणि मॅट्रिक झालेली त्यांची लेक पार्टच्या याद्या वाचता वाचता दुकानच बघू लागली होती.

"मी श्रीनिवास, केळझरचा. काकाच्या ट्रकवर कापसाच्या गाठी वाह्यतो. डायनामो जळला, बॅटरी भरतच नाई."

"बॅटरी किती व्होल्टची?"

"बारा." त्याची नजर वरच्या फळीवर गेली. "तो मोठा द्या ना. दमदार दिसते."

"मिलिटरीच्या लिलावातला हाये तो, चोवीसचा. बॅटरी उकळन तुमची." तिनं जळक्या डायनामोवरची पट्टी पुसून आकडे वहीत उतरवले. "नुसतं दमदार दिसून काय होते... जुळाले पायजे."

"अन् जुळते का नाई, ते कसं समजते?" त्यानं विचारलं — डायनामोकडे न बघता.

तिची पेन्सिल थांबली. "आकडे पाहून," ती घाईनं म्हणाली. "जुन्यात तार भरून दिली तर महिनाभर चालन. नवा नागपूरहून मागवा लागन. शुक्रवारी या."

"नवाच मागवा."

तो मंगळवारीच आला — सहज, विचारायला. ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन. हिंगणीच्या जंगलात गाडी बंद पडली तेव्हा दोन कोस कसा पायी आला, ते त्यानं रंगवून सांगितलं. कोकिळा पदर तोंडाला लावून हसत राहिली.

बुधवारी दुपारी पार्सल आलं. पाठोपाठ तोही.

"आला?"

हो म्हटलं की तो डायनामो घेऊन जाईल, गाडी सुरू होईल... मग या दुकानात त्याचं काय काम?

"नाई आला," ती म्हणाली.

गुरुवारीही तेच. पण त्या दिवशी तिला घास गोड लागेना. सेलूच्या जिनिंग कारखान्यात त्याच्या गाठी पडून होत्या, आणि तिच्यामुळे. उद्या खरं सांगायचं, तिनं ठरवलं.

शुक्रवारी मात्र अण्णाजी स्वतः दुकानात होते. आवाज ओळखून म्हणाले, "केळझरचे ना? तुमचा डायनामो बुधवारीच आला. पोरीनं दिला नाई?"

कोकिळेनं मान खाली घातली.

"सांगितलं ना त्यायनं," श्रीनिवास शांतपणे म्हणाला. "मीच म्हटलं, राहू द्या दोन दिवस."

अण्णाजी चहा सांगायला बाहेर गेले.

"खोटं काऊन बोलले?" तिनं हळूच विचारलं.

"तुम्ही काऊन बोलल्या?"

"तुम्ही... येणं बंद केलं असतं."

"बुधवारी मी आलो तवा हमाल पार्सल टाकून निघून राह्यला होता. मले माहीत होतं."

"मंग मागितला काऊन नाई?"

"काकाच्या शिव्या खाल्ल्या दोन दिवस. पण मागितला असता तर गुरुवारी कोणत्या तोंडानं आलो असतो?"

तिनं खोकं पुढं सरकवलं. "आज न्या. गाठी पडून हायेत."

"नेतो. अन् रविवारी काकाले घेऊन येतो, अण्णाजीशी बोलाले... तुमची हरकत नसन तर."

"रविवारी दुकान बंद राह्यते."

त्याचा चेहरा उतरला. कोकिळेनं पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नालवाडीले, घरी या," ती म्हणाली.