फाटकापाशी एक

माझं काम लोकांचे कान तपासण्याचं. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत मी माणसांना हेडफोन लावून बसवते, बारीक बारीक आवाज ऐकवते आणि कुठला ऐकू आला, कुठला नाही, याचा आलेख काढते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीही पहिल्यांदा हेच म्हणेल, की बाईला भास झाले असतील. भास कसे होतात ते मला ठाऊक आहे. दिवसाला दोन-तीन तरी माणसं मला त्यांच्या कानातल्या घंटांबद्दल आणि शिट्ट्यांबद्दल सांगतात.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दुसऱ्या शहरात राहतो, घरी बसून इमारतींचे आराखडे काढतो. आमचा एकमेकांवर जीव आहे, पण फोनवर बोलायला लागलो की दोन मिनिटांत विषय संपायचा. तब्येत कशी? ठीक. काम कसं? चाललंय. मग समोरचा फोन कधी ठेवतोय याची दोघंही वाट बघायचो. तीन वर्षांपूर्वी त्यानेच मला त्या लढाईच्या गेमची गोडी लावली. पडद्यावर फक्त बंदुकीची नळी आणि आपले दोन हात दिसतात, आणि आपण चौघांच्या तुकडीतले एक असतो. दर रविवारी सकाळी आठ ते दहा. वहिनी परिचारिका आहेत. रविवारी त्यांची सकाळपाळी, म्हणजे दादा घरात एकटाच. त्या दोन तासांत आम्ही जितकं बोलायचो तितकं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. "थांब, मी आधी जातो." "लागलं का गं तुला?" गेममधली गोळी असली तरी हे तो खऱ्या काळजीने विचारायचा.

खेळतानाही तो आराखडा काढल्यासारखाच खेळायचा. खिडकीत उभं राहायचं नाही. दोन पावलं मागे, सावलीत. गोळी झाडली की जागा सोडायची. बंदूक भरायची ती आडोशाला जाऊनच. दारातून सरळ आत घुसायचं नाही, चौकटीच्या कडेने सरकत खोलीचा एकेक कोपरा उघडा करत जायचं. आणि शत्रू दिसला की बडबड बंद. किती, कुठे, काय करतोय. "दोन. छपरावर. बसलेत." एवढंच, तेही अगदी खालच्या आवाजात, जणू शत्रू शेजारच्या खोलीत बसून ऐकतोय.

माझी बाजू कानांची. पत्र्यावरचं पाऊल वेगळं, खडीवरचं वेगळं, लाकडी जिन्यावरचं वेगळं. शत्रू किती पावलांवर आहे, कुठून येतोय, हे मी न बघता सांगायचे. दादा म्हणायचा, "बारके, तू आहेस म्हणून मी अजून जिवंत आहे."

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. गेममधल्या आवाजांना दिशा असते. गोळी डावीकडून आली तर डाव्या कानात आधी वाजते. साथीदाराचा माईकमधून येणारा आवाज तसा नसतो. त्याला दिशाच नसते. तो थेट आपल्या डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. तीन वर्षं दादा माझ्या डोक्याच्या मधोमध बोलत होता.

त्या रविवारी आम्ही वाळवंटातल्या नकाशावर खेळत होतो. मोडके ट्रक, वाळू, लांब एक पाण्याची टाकी. बाकी सपाट. मी ट्रकखाली पडून होते, तेवढ्यात दादा म्हणाला, "एक. फाटकापाशी. उभा आहे."

"कुठलं फाटक?" मी म्हटलं.

"काय?"

"फाटक म्हणालास ना आता."

"मी? मी गोळ्या मोजतोय. इथे कुठलं आलंय फाटक?"

आम्ही हसलो. दुसऱ्या कुणाचा आवाज मध्ये घुसला असेल असं तो म्हणाला, आणि मलाही ते पटलं. फक्त हेडफोन काढताना एक जाणवलं. तो आवाज डोक्याच्या मधोमध नव्हता. डावीकडून, जरा मागून आला होता. साधारण दहा पावलांवरून.

पुढच्या रविवारी बर्फाचा नकाशा होता. "एक. अंगणात. उभा आहे." पुन्हा डावीकडून, मागून. दादाचाच आवाज. शब्द संपताना जरा खाली घसरणारा, लहानपणापासून ऐकत आलेय तो.

"दादा, पुरे झाली मस्करी."

"कसली मस्करी?" तो खरोखर वैतागला होता. चौदा वर्षांची असल्यापासून त्याचं खोटं मला लगेच ओळखू येतं. हे खोटं नव्हतं.

आपल्या चुका तपासायच्या म्हणून मी प्रत्येक डाव रेकॉर्ड करून ठेवते. तो भाग मी पुन्हा ऐकला. माझं वाक्य होतं, दादाचंही होतं. पण त्याआधीचे ते शब्द नव्हते. त्यांच्या जागी अडीच सेकंद काहीच नव्हतं. काहीच म्हणजे खरोखर काहीच. गेममधलं बर्फाचं वादळ नाही, माझ्या पंख्याची घरघर नाही. अगदी शांत खोलीतही थोडा आवाज उरतोच, तो ओळखणं हा माझा धंदा आहे. त्या अडीच सेकंदांत तोही नव्हता.

सोमवारी मी आमच्या विभागातल्या मैत्रिणीला माझेच कान तपासायला लावले. तिने आलेख पुढे केला आणि म्हणाली, "तुझ्यासारखे कान असते तर मी सासूबाईंच्या खोलीपासून लांब राहिले असते." मी हसले. बरं वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी खेळत कमी होते आणि वाट जास्त बघत होते. साडेआठला आवाज आला. आता तो पाच-सहा पावलांवर होता.

"एक. दारापाशी. ऐकतोय."

मी माईक सुरू ठेवून हळूच विचारलं, "कुठलं दार?"

"हिरवं."

आणि नेमकं त्याच क्षणी, त्या शब्दावरच, डोक्याच्या मधोमध दादा म्हणाला, "बारके, तू कुणाशी बोलतेस?"

एकच आवाज. एकाच वेळी दोन जागांवरून.

माझे हात कळफलकावरून निघाले. पडद्यावर मला कुणीतरी गोळी घातली, मी पडले, त्याचं काही वाटलं नाही. दादाच्या घराचं दार हिरवं आहे. गेल्या वर्षी त्याने स्वतः रंगवलंय. घराला फाटक आहे, मग छोटं अंगण, मग ते दार.

"दादा, माझं एक ऐक. का ते विचारू नकोस. खाली जा आणि दार बघून ये."

तो काहीतरी बोलणार होता, पण माझ्या आवाजात त्याला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. खुर्ची सरकली. त्याची पावलं लाकडी जिन्यावरून खाली गेली. अकरा पायऱ्या, मी मोजल्या. मग बराच वेळ काही नाही. मग तो परत आला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण कडी काढलेली होती. तुझी वहिनी गेल्यावर मीच लावली होती. आतून."

मग मी त्याला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी खेळायचं नाही."

"नको. मी येते तुझ्याकडे."

मी सकाळी साडेसातला पोचले. वहिनी कामावर निघाल्या होत्या, फाटकातच भेटल्या. "आलात ते बरं केलंत. हे हल्ली धड जेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, कामाचा ताण आहे." त्यांना त्याने काही सांगितलेलं नव्हतं.

आम्ही दोघांनी मिळून दाराला कडी घातली, वर साखळीही लावली. वरची खोली नेहमीसारखीच होती. लांब टेबल, दोन पडदे, आराखड्यांच्या गुंडाळ्या, पूर्वेच्या खिडकीतून आलेलं ऊन. दादाने गेम पुसून टाकला होता. संगणकाची वायर भिंतीतून काढून ठेवली होती. हेडफोन खिळ्याला टांगलेला, त्याची पिन खाली मोकळी लोंबत होती. आम्ही चहा घेतला. तो पाहुण्यांना विचारावं तशी माझ्या कामाची चौकशी करत होता आणि मी मोठ्याने उत्तरं देत होते. आठ वाजून गेले. सव्वाआठ झाले. मला हसू येऊ लागलं होतं.

तेव्हा खिळ्यावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला.

दादाने कप खाली ठेवला. त्यालाही ऐकू आलं होतं. मला तेच हवं होतं आणि तेच नको होतं.

"एक. जिन्यावर. चढतोय."

आपलाच आवाज समोरून ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. दादाचे ओठ किंचित हलले, जणू ते शब्द आपल्याच तोंडून गेले की काय हे तो तपासत होता.

मग तो उठला. त्याने मला हाताने खूण केली: तू उजवीकडे, भिंतीला पाठ, दाराच्या रेषेत येऊ नकोस. स्वतः डावीकडे गेला. पन्नाशीचा चष्मेवाला माणूस, हातात आराखड्यांची लोखंडी पट्टी घेऊन, स्वतःच्या घरात स्वतःच्याच दारावर डोळे लावून उभा होता. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. मला हसू आलं नाही. तीन वर्षं आम्ही हेच शिकलो होतो, आणि आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मी कान दिला. तो जिना बोलका आहे. मांजर चढलं तरी कळतं. एकही पायरी वाजली नाही.

"एक. दारात."

दार उघडंच होतं. उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. उन्हात धुळीचे कण तरंगत होते, आणि बघता बघता ते कण मधून बाजूला झाले. चटकन नाही. सावकाश. वाट दिल्यासारखे.

दादाने पट्टी घट्ट धरली.

"एक. आत."

आणि सगळं थांबलं.

रस्त्यावरच्या गाड्या नाहीत. खालच्या फ्रीजची घरघर नाही. माझा श्वास चालू होता, छाती हलत होती, पण त्याचा आवाज नव्हता. दादाने तोंड उघडून काहीतरी म्हटलं. मला दिसलं. ऐकू आलं नाही.

अडीच सेकंद.

मग एकदम सगळे आवाज परत आले. दादा म्हणत होता, "...दिसलं का काही?"

"नाही."

"मलाही नाही."

"गेला का?"

"बाहेर गेल्याचं तर कुणी म्हणालं नाही," दादा म्हणाला.

वहिनी तीन वाजता आल्या तेव्हाही आम्ही त्याच खोलीत होतो. मधल्या वेळात आम्ही एकमेकांकडे पाठ केली नव्हती. पाणी प्यायला गेलो ते दोघं मिळून गेलो. वहिनींनी खालून हाका मारमारून साखळी काढायला लावली, आणि आमचे चेहरे बघून विचारलं, "भांडलात का दोघं?"

"हो," दादा म्हणाला. "जरासं."

त्या संध्याकाळी आम्ही तो हेडफोन मोडून कचऱ्यात टाकला. घरी परतल्यावर मी माझाही टाकला. घर बदलायचा विषय मी दोनदा काढला. दादा म्हणाला, आता काही ऐकू येत नाही ना, मग झालं. त्याचं म्हणणं खरंच होतं. महिनाभर काही झालं नाही. आम्ही पुन्हा फोनवर बोलू लागलो. तब्येत कशी? ठीक. काम कसं? चाललंय. पण आता फोन कुणीच आधी ठेवत नव्हतं.

परवा सोमवारी दुपारी मी कामावर असताना वहिनींचा फोन आला. त्या मला एरवी फोन करत नाहीत.

"एक विचारू? रागावणार नाही ना?" त्या म्हणाल्या. "काल सकाळी तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का?"

"नाही वहिनी. मी घरीच होते. का?"

"काल मला सुट्टी होती. हे अंघोळीला गेले होते, मी खाली भाजी चिरत होते. वरच्या खोलीतून तुमचा आवाज आला. म्हटलं, कधी आलात, कळलंच नाही. वर गेले तर खोली रिकामी."

मी आमच्या खोलीचं दार लावून घेतलं. "काय म्हणत होते मी?"

"ते काही नीटसं नव्हतं. एकेक शब्द. 'दोन. रस्त्यावर. येतायत.' असं." त्या सांगत होत्या. "मी खिडकीतून खाली बघितलं. रस्त्यावर तर कुणीच नव्हतं. फक्त आमचं फाटक पूर्ण उघडं होतं. त्याला जोराची स्प्रिंग आहे हो, सोडलं की आपटतं. पण ते आपटत नव्हतं. मागून येणाऱ्यांसाठी आपण हाताने धरून ठेवतो ना, तसं धरलेलं होतं."