ओ देण्यापुरती जागा

कोरियन भाषा कानावर पडेल असे काही गावात मिळते का, हे पाहायला लवू मयेकर घरातून निघाला, तेव्हा ऐंशीचे दशक नुकते कोठे सुरू झाले होते आणि रत्नागिरीत दूरदर्शन पोचले नव्हते. गावात आवाज थोडे, म्हणून प्रत्येक आवाज ओळखीचा. मांडवीच्या जेटीवर आपटणारी भरती, राम आळीतल्या सोनाराची ठकठक, मिरकरवाड्याकडून येणारी लाँचची धडधड. डोळे मिटून चालले तरी आपण कोठे पोचलो हे कानाला कळत असे.

निमित्त साधेच होते. मुंबईच्या एका एजंटाने त्याला कोरियन जहाजावर खलाशाची जागा देऊ केली होती. वाचता आले नाही तरी चालेल, पण डेकवरचे हुकूम ऐकून कळले पाहिजेत, एवढी अट होती. लवूने एक पातळ पुस्तक मिळवून अक्षरे गिरवली होती, काही शब्दांचे अर्थही पाठ केले होते. पण पुस्तक डोळ्यांना शिकवते. कान उपाशी राहतात. 'अ' आणि 'ओ' यांच्या मधोमध उभा असलेला त्यांचा एक स्वर काही केल्या त्याच्या जिभेवर येईना.

घरात विरोध एकट्या आईचाच होता आणि तो पुरेसा होता. थोरला भाऊ आत्माराम अशाच जहाजावर असताना एका वादळात डेकवरून नाहीसा झाला होता. देह मिळाला नाही. आई यमुनाबाईंनी त्याचे दिवस करू दिले नाहीत, आणि दुसरा मुलगा समुद्राला देणार नाही, असे भगवतीदेवीसमोर बोलून ठेवले. दोघे भाऊ तिला 'आये' म्हणत. 'आई' हा शब्द त्या घरात शाळेच्या पुस्तकापुरताच होता, हे ध्यानात असू द्यावे.

लवू प्रथम गेला काशीराम तांडेलाकडे. म्हाताऱ्याने एक हंगाम कोरियन जहाजावर काढला होता. तो आनंदाने शिकवायला बसला खरा. पण त्याच्यापाशी शब्द दोनच निघाले. 'पल्ली पल्ली' म्हणजे लवकर लवकर, आणि दुसरी शिवी. पुढचे कळण्याची गरजच पडत नसे, असे त्याचे म्हणणे.

"आणि एक सांगतो," तो विडी विझवत म्हणाला. "त्यांच्या डेकवरच्या मुकादमाला आपल्यासारखं सारंग म्हणू नकोस. मी म्हटलं, तर सगळं डेक हसत सुटलं. त्यांच्यात सारंग म्हणजे प्रीती. दाढीवाल्या बाप्याला मी भर दुपारी प्रीती म्हणून हाक मारली रे."

मग महिपतचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान. महिपतने लघुलहरींवर काटा फिरवत फिरवत सोलचे प्रसारण लावून दिले. एक बाई बोलत होती. पण तिचा आवाज लाटेसारखा वर येई आणि खाली जाई, आणि खाली गेला की उरे नुसती खरखर. लवू दुकान बंद होईपर्यंत ऐकत उभा राहिला. एक शब्द म्हणून हाती लागला नाही.

उरली आत्मारामची पेटी. शेवटच्या रजेत त्याने एक टेपरेकॉर्डर आणि कोरियन धड्यांची कॅसेट आणली होती. तिन्हीसांजेला पडवीत बसून तो धडे गिरवी, ते लवूला लख्ख आठवत होते. कॅसेटवरची बाई एक शब्द म्हणे आणि गप्प बसे. शिकणाऱ्याने तोच शब्द म्हणावा, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडलेली असे. त्या जागेत आत्माराम बोले, आणि अंगणातून आये हसून विचारी, कोणाशी बोलतंस रे एवढं? कॅसेटवर चुकूनही काही नोंदले जाऊ नये म्हणून तिच्या पाठच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे त्याने स्वतः मोडून टाकले होते.

यमुनाबाई तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या तेव्हा लवूने पेटी उघडली. डांबरगोळ्यांच्या वासाखाली भावाच्या सदऱ्याचा वास अजून होता. वीज गेलेली होती. त्याने यंत्रात सेल घातले, आवाज अगदी बारीक ठेवला आणि कळ दाबली.

बाईचा स्वच्छ, सावकाश आवाज आला.

"आई."

मग मोकळी जागा.

"ओ," अंगणातून यमुनाबाई म्हणाल्या.

तिन्हीसांजेची हाक आली तर पहिलीला ओ देऊ नये, दुसरीलाही देऊ नये. बाहेरचे जे असते त्याला तिसऱ्या हाकेपर्यंत धीर नसतो, म्हणून तिसरी हाक माणसाचीच, हे दोघा भावांना तिनेच शिकवले होते. जो ओ देतो तो हाकेचा होतो. आणि आज तीच चुकली होती.

ती दिवा घेऊन दारात आली. "कोणी मारली हाक?"

"कोणी नाही गो आये. कॅसेट आहे. त्यांच्यात 'आई' म्हणजे... मूल."

"मूल?"

"हो. आणि 'मूल' म्हणजे पाणी." बोलून गेल्यावर त्याला वाटले, हे बोलायला नको होते.

ती उंबऱ्यावर बसली. दिव्याची ज्योत स्थिर होती, वारा नव्हता. बाई पुढचा शब्द म्हणाली आणि थांबली. त्या थांबलेल्या जागेत, फार दुरून, ओल्या श्वासातून, कोणीतरी म्हणाले, "आये..."

खोलीत डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला. लवूने कळ दाबून यंत्र बंद केले.

"लवू," ती म्हणाली, "जातंस तर जा तू."

"आये, ते यंत्र आहे. भावाने कधी बोलून ठेवलं असेल..."

"असू दे यंत्र. हाक मला होती. ओ मी दिली. आता तुझ्याकडं समुद्राचं काही मागणं उरलं नाही." तिने पदराने दिव्याची काजळी पुसली. "एका घराकडनं ओ एकदाच घेतात."

असा काही नेम लवूने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिने तो त्याच क्षणी घडवला असावा, आणि घडवून त्यावर विश्वासही ठेवला. त्यानंतर रोज दिवेलागणीला तीच म्हणे, लाव ते. मोकळ्या जागेत लवू शब्द म्हणे. ती तांदूळ निवडत ऐके. तो आवाज पुन्हा आला नाही, आणि तिनेही पुन्हा ओ दिली नाही. लवूच्या जिभेवर तो मधला स्वर बसला तो त्या संध्याकाळींत. पुढे आयुष्यात त्याने पुष्कळ बंदरे पाहिली, पण शिकणे म्हटले की त्याला त्या सुपातल्या तांदळांचा आवाजच आठवे. जायच्या दिवशी तिने कॅसेट स्वतः त्याच्या पेटीत ठेवली. मला आता ती लागत नाही, एवढेच म्हणाली.

जहाजावर त्याने एकदा धीर करून ती कोरियन सारंगाला ऐकवली, आणि 'आये' असा काही शब्द तुमच्यात आहे का, असे विचारले. सारंग भला माणूस होता. 'आइया' म्हणजे 'बाळा' अशी हाक, लांबून ऐकली तर तुमच्या 'आये'सारखी वाटेल, असे त्याने समजावून सांगितले. लवूच्या छातीवरचा दगड उतरला. सारंग पुढे ऐकत राहिला. मग त्याने कपाळाला आठी घालून विचारले, धडे ठीक आहेत; पण प्रत्येक शब्दानंतर 'ओ' म्हणणारी ही म्हातारी कोण?

लवूने कान लावला. होती. प्रत्येक मोकळ्या जागेत, तुळशीपाशी उभे राहून दिल्यासारखी, ओ.

त्याने कॅसेट काढून पाठची कड चाचपली. तुकडे मोडलेलेच होते.

"आई," तो म्हणाला.

"मूल?" सारंगाने विचारले, आणि म्हातारीला मूल म्हणतात याचे नवल वाटून मान हलवली.

त्या समुद्रांनी लवूसमोर माणसे नेली. एकदा त्याच्याच हाताला धरलेला माणूस लाटेने उचलला. लवूला ओरखडाही आला नाही. रजेवर घरी आला की तो पाही, तिन्हीसांजेला आये पश्चिमेकडे तोंड करून उभी असे आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणे. काय, ते त्याने कधी विचारले नाही.

सोलच्या ऑलिंपिकचे खेळ शेजारच्या टीव्हीवर चालू होते त्या दिवसांत ती गेली. लवू तेव्हा घरीच होता. तिचे दिवस झाले, पाहुणे पाली-संगमेश्वराकडे परतले, घर रिकामे झाले. कातरवेळी त्याने तुळशीपाशी दिवा लावला आणि, तिचा तेवढा एक शब्द तरी ऐकावा म्हणून, कॅसेट लावली.

"आई," बाई म्हणाली.

मोकळी जागा मोकळीच गेली. पुढची, त्याच्या पुढची, सगळ्या जागा कोऱ्या. ओ कोठेच नव्हती. लवूला त्या क्षणी प्रथम पोरके वाटले आणि डोळे भरून आले. फीत संपत आली होती. शेवटच्या जागेत, जेवायला बोलवावे तसा, ओळखीचा, थोडा दमलेला आवाज आला.

"लवू..."

ओ कंठापर्यंत आली होती. त्याने ओठ घट्ट मिटले. फीत संपून यंत्र खट्ट करून आपोआप बंद झाले.

"लवू..." या वेळी अंगणातून, तुळशीकडून.

बाहेर दिवा स्थिर होता, वारा नव्हता. तो उंबऱ्याच्या आत बसून राहिला. तिसऱ्या हाकेला ओ द्यावी, असे तिनेच शिकवले होते.