जिलबी, खंड्या आणि भिंतीतला बिबट्या

भिंतीवरून डावीकडे चालत गेलेला बिबट्या पुढे कुठे जातो? आमच्या जिलबीच्या मते स्वयंपाकघरात. म्हणून ती भुंकत तिकडे धावते, ओट्याखाली शोधते, डबे पाडते आणि बिबट्या सापडला नाही की माझ्याकडे असं बघते, जणू मीच त्याला लपवलंय.

हे दिवसातून किती वेळा होतं ते विचारू नका. माझे बाबा प्राण्यांचे माहितीपट जोडतात, म्हणजे तासन् तास केलेल्या चित्रणातून नेमकं तेवढं निवडून त्याची फिल्म बनवतात. सध्याची फिल्म उसात राहणाऱ्या बिबट्यांवर आहे. हे काम ते नाशिकच्या आमच्या घरात, दिवाळीला घेतलेल्या भिंतीएवढ्या पडद्यावर करतात. आणि ज्या घरात दिवसभर बिबटे गुरगुरतात, त्याच घरात दोन कुत्रे पाळलेत. आता काय बोलायचं?

खंड्या म्हातारा आहे, मोतीबिंदूमुळे त्याला जेमतेम दिसतं. जिलबी दोन वर्षांची आणि महाउपद्व्यापी. जुन्या टीव्हीसमोर ही दोघं खुशाल झोपायची. नवा पडदा आला आणि घराची रणभूमी झाली. आईने मीठ-मोहरीने दोघांची दृष्ट काढली, तर जिलबीने मोहरी चाटली आणि दिवसभर शिंकत बसली.

शेवटी बाबांचं डोकं फिरलं. फिल्म पूर्ण होत नव्हती, वरून शेजाऱ्यांची बोलणी. त्यांनी तेजसमामाला फोन करून सांगितलं, की रविवारी ये आणि दोघांना लोणंदला तुझ्या पोल्ट्रीवर घेऊन जा. मी रडले, भांडले, जेवले नाही. बाबा म्हणाले की आम्ही सगळं करून पाहिलंय. आवाज बंद केला तरी दोघं भुंकली, म्हणजे दोष आवाजाचा नाही. चित्र बंद करून नुसता आवाज ठेवला तरी भुंकली, म्हणजे दोष चित्राचाही नाही. कुत्रेच बिघडलेत.

मी तणतणत दाजीकडे गेले. दाजी म्हणजे आमचा घरकाम करणारा यंत्रमानव. त्याला एक वाईट खोड आहे. तो सगळं पाहतो, पण विचारल्याशिवाय अवाक्षर काढत नाही.

"शाल्मलीताई," भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "प्रयोग दोन झाले, पण कुत्रेही दोन आहेत. तुम्ही त्यांना एकच धरलंत."

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"कुणी विचारलं नाही."

मला त्याचं बटण बंद करावंसं वाटलं, पण रविवार जवळ आला होता. आम्ही खंड्याला माझ्या खोलीत ठेवलं आणि आवाज बंद करून जिलबीला बिबट्या दाखवला. ती भिंतीवर तुटून पडली. मग चित्र बंद करून आवाज लावला, तर ती शांतपणे पंजे चाटत बसली. खंड्याचं नेमकं उलटं. मुक्या चित्रासमोर त्याने जांभई दिली आणि नुसती गुरगुर ऐकून घर डोक्यावर घेतलं. म्हणजे जिलबी बघून भुंकत होती, खंड्या ऐकून, आणि एकाचं ऐकून दुसरा सूर लावत होता. बाबांनी दोघांचा कालवा एकाच खात्यावर टाकला होता.

पण मग जुना टीव्ही जिलबीला कसा चालायचा? दाजीने सांगितलं, की पडद्यावर काहीच हलत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं भराभर लुकलुकतात. डोळ्यात प्रत्येक चित्र क्षणभर टिकतं (याला दृष्टिसातत्य म्हणतात), म्हणून ती एकमेकांत मिसळून हालचाल दिसते. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकणारा प्रकाशही साधारण सलग वाटतो. कुत्र्याचा डोळा जास्त चपळ, त्याला सत्तर-ऐंशी वेळा तरी लागतात. आमचा जुना टीव्ही साठ वेळा लुकलुकायचा. त्यावर आपल्याला सिंह दिसायचा, जिलबीला नुसती उघडझाप. नव्या पडद्याची वारंवारता (एका सेकंदात किती वेळा, तो आकडा) दोनशे चाळीस आहे. आता तिलाही बिबट्या सलग चालताना दिसतो. आणि जुन्या टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरमधून खोल गुरगुर नीट यायचीच नाही, म्हणून खंड्याही झोपायचा. शिवाय कुत्र्यांना पिवळा आणि निळा रंग चांगला कळतो, म्हणजे बिबट्या अगदी उठून दिसणार. वास मात्र येत नाही, म्हणून बिचारी शोधत स्वयंपाकघरात जाते.

मी बाबांना ओढत आणलं. पडद्याची वारंवारता साठवर आणली आणि त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. कान घामेजतात म्हणून ते कुरकुरले, पण काम करत राहिले. बिबट्या डावीकडे चालत गेला. जिलबीने एकदा पाहिलं आणि टेबलाखाली जाऊन आडवी झाली. दाजी म्हणाला, की पुढे कधीतरी असे पडदे येतील, जे समोर कोण बसलंय ते ओळखून आपणच बदलतील. मी म्हटलं, तोपर्यंत तू न विचारता बोलायला शीक.

बाबा मात्र पुन्हा कामात बुडाले. मामाला येऊ नको असं कळवलंच नाही, आणि रविवारी तो टेम्पो घेऊन हजर झाला. बाबा हेडफोन लावून शेवटचा भाग जोडत होते, दोघं झोपली होती. मामाने चहाचा पहिला घोट घेतला आणि त्याच्या खिशातला फोन कोंबड्यासारखा आरवला. पोल्ट्रीवाल्याच्या फोनला दुसरं काय असणार! खंड्या भुंकत उठला, त्याच्यामागून जिलबी, आणि चहा मामाच्या पँटवर. मामा खवळला. आत्ताच्या आत्ता टेम्पोत घालतो म्हणाला.

मी जिलबीचा पट्टा घट्ट धरला. बाबांनी हेडफोन काढले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"तेजस," बाबा म्हणाले, "दोघं इथेच राहणार. टेम्पोत काही ठेवायचंच असेल, तर तो तुझा फोन ठेव."

मामा पुटपुटत खाली गेला आणि फोन ठेवून परत आला.