पाण्यातली साखळी

दिवा जरा इकडे सरकव. हॉटेलचा जनरेटर पाहुण्यांच्या खोल्यांसाठी असतो, लाइट गेली की कामगारांच्या चाळीत अंधारच. तुला सवय होईल. उद्या गुड फ्रायडे. मघाशी तू विचारलंस ना, की इथली जुनी माणसं त्या दिवशी समुद्रात पाऊल का टाकत नाहीत? मग ऐक.

गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी मी गावात आईकडे गेले होते, गोड राजमा आणायला. रताळं, नारळाचं दूध, मनुका घालून ती तो एवढा आटवते की चमचा उभा राहतो. गाव चिडीचूप होतं. त्या दिवशी कुणी खिळा ठोकत नाही, झाडू मारत नाही, चर्चची घंटासुद्धा वाजत नाही. डबा हातात देताना आईनं माझ्या धाकट्या बहिणीबद्दल एवढंच विचारलं, "नुरीस पाण्यात नाही ना जायची आज?"

"नाही गं. रादामेस लाल बावटा लावतो की."

हा आमचा जुना उपाय. रादामेस म्हणजे आमचा किनाऱ्यावरचा जीवरक्षक. समुद्र कितीही शांत असला तरी तो त्या दिवशी पहाटेच लाल बावटा चढवायचा. पाहुण्यांना वाटायचं, पाण्याला ओढ आहे. ते मुकाट्यानं स्विमिंग पुलात डुंबायचे आणि आम्ही त्यांना तिथेच नाचवायचो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

नाचवणं हेच माझं आणि नुरीसचं काम. पाण्यातला व्यायाम, वाळूवरचा मेरेंगे नाच, नारळ घरंगळवायच्या शर्यती, संध्याकाळी बिंगो. मी माइकवर आणि ती पाहुण्यांमध्ये. तिची नोकरी अजून कच्ची होती, सोमवारी पक्की व्हायची होती. आमच्या घरात सगळ्यांनी दुसऱ्यांच्या चादरी बदलण्यात जन्म काढला. नाचून पोट भरणारी ही दुसरीच, पहिली मी.

पण मॅनेजर नवे आले होते. फौस्तो साहेब. माणूस आपल्याच मातीतला, पण राजधानीत शिकून आलेला. बावटा पाहून ते तरातरा किनाऱ्यावर आले.

"रादामेस, समुद्र बघ जरा. यात बदकसुद्धा बुडणार नाही. उतरव तो बावटा."

"साहेब, आज शुक्रवार आहे."

"मग? शुक्रवारी समुद्राला सुट्टी असते का?"

"असते," रादामेस म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

साहेबांनी स्वतःच दोरी सोडून बावटा खाली घेतला. मग नुरीसकडे वळून म्हणाले, "तीन वाजता समुद्रात खेळ घ्यायचे. जमेल ना तुला?"

त्यांनी मला विचारलंच नाही. माझं उत्तर त्यांना ठाऊक असावं.

मी तिला टॉवेलांच्या खोपटामागे ओढलं. "पोट दुखतंय म्हणून सांग."

"ताई, सोमवारी सही आहे. आज पोट दुखलं तर सोमवारी डोकं दुखेल."

"अगं, त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या माणसाचा मासा होतो म्हणतात..."

"झालाच तर लिंबू पिळून तळ मला," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. वेडी पोरगी. अशी हसली की पुढे बोलताच यायचं नाही.

तीनला ऊन अगदी पांढरं झालं होतं. वारा पडला. माडाची एक झावळी हलत नव्हती. पाहुणे कमरेइतक्या पाण्यात उतरले. मी वाळूवर माइक घेऊन उभी. सनक्रीमच्या वासात मला मध्येच दुसरा एक वास आला, मेणबत्ती विझवल्यावर येतो ना, तसा. आसपास मेणबत्ती कुठेच नव्हती.

शेवटचा खेळ साखळीचा. किनाऱ्यापासून आत समुद्राकडे रांग करायची आणि गाण्याच्या ठेक्यावर डुलायचं. नुरीस रांगेच्या आतल्या टोकाला होती. तिचा डावा हात टोपीवाल्या एका कॅनेडियन आजोबांच्या हातात. उजवा मोकळा, समुद्राकडे.

मी नेहमीसारखं ओरडले, "शेजाऱ्याचा हात धरा! घट्ट!"

नुरीसनं हसत आपला मोकळा हात पसरला. मग तिचं हसू थांबलं. तिनं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. हात हळूहळू खाली गेला, मनगटापर्यंत पाण्यात.

आणि साखळी सरकायला लागली.

आधी मला वाटलं, तीच ओढतेय. पाहुणे खिदळत एकेक पाऊल आत जात होते. किनाऱ्याजवळच्या बाई गुडघाभर पाण्यातून मांडीभर पाण्यात आल्या. आजोबांच्या छातीला पाणी लागलं. नुरीसच्या गळ्याला.

मी गाणं बंद केलं. एकदम शांतता. लाट फुटल्याचासुद्धा आवाज नाही.

"हात सोडा! सगळे बाहेर या!"

त्यांनी हात सोडले. खेळ संपला म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या. नुरीस मात्र तशीच चालत राहिली... आत... हात पुढे करून, रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी.

आईची शप्पथ, मी तशीच कपड्यांसकट धावले. रादामेस माझ्याआधी पोहोचला. त्यानं तिला कमरेला धरलं, मी केसांना. ती जड नव्हती, पण येत नव्हती. गावातून मिरवणुकीच्या लाकडी टरटरीचा आवाज आला, त्या दिवशी घंटेऐवजी तीच फिरवतात. रादामेस पुटपुटला, "सोड तिला... सोड..." तो नुरीसशी बोलत नव्हता. मग एकदम ती सैल झाली आणि आम्ही तिघं पाण्यात मागे पडलो.

वाचली. जिवंत आहे, आईकडे आहे. सोमवारी सही करायला गेली नाही. फौस्तो साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं बावटा परत चढवला.

पण तिची उजवी मूठ तेव्हापासून मिटलेलीच आहे. पूर्ण नाही, बोटं वाकलेली, आत काहीतरी धरल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, शीर आखडली असेल. मी एकदाच विचारलं तिला, काय होतं ते?

"हात होता, ताई," ती म्हणाली. "गार नव्हता... गरम होता. इवलासा. खूप घाबरलेला होता गं. म्हणून सोडवेना."

 दुपारी ती झोपली की मी तिच्या मुठीत माझं बोट घालून पाहायचे. जायचं नाही. करंगळीसुद्धा नाही.

गेल्या काही महिन्यांत तिची बोटं हळूहळू उघडायला लागली. आई खूश झाली, नवस फेडायला निघाली. मीही आनंदानं बोट घालून पाहिलं काल.

अजूनही जागा नाही. मूठ वर्षभरात दुपटीनं उघडली आहे, आणि आत जागा नाही. लहान मुलांचे हात वर्षभरात वाढतातच की.