अकरा फुटांवरचा शिवडा

केवळराम रंगारीला त्या दिवशी एकच काम करायचं होतं: दुलीचंद बिसेनच्या गळाला चोरखमाऱ्याच्या जलाशयातला शिवडा लावून द्यायचा. लांब मिशांचा, दातेरी जबड्याचा, माणसाच्या कमरेइतका वाढणारा मासा. दोघांनी जवळच्या गोरेगावच्या एकाच शाळेत मास्तरकी केली, सुट्ट्या याच पाण्यावर काढल्या. पण दुलीचंदला शिवड्याने कायम हुलकावणी दिली. आता काचबिंदूने त्याची नजर गेल्यात जमा होती आणि परवा मुलगा त्याला कायमचा नागपूरला नेणार होता. आज नाही, तर कधीच नाही!

म्हणून केवळरामने पुतण्या बंटीचं यंत्र मागून आणलं होतं. बंटीने ते दुबईहून येताना घेतलेलं. पाण्यात एक गोळा सोडायचा. तो खाली आवाज पाठवतो, परत आलेला आवाज टिपतो आणि छोट्या पडद्यावर तळ दाखवतो. मासा असला की कमान उमटते, शेजारी खोलीचा आकडा. दोन हजार बाराची दिवाळी सरली होती, जलाशय काठोकाठ होता. काठावरच्या बकाराम ढिवराने आपली डोंगी, लाकडाची छोटी नाव, दिली आणि दुपारचा वारा सुटायच्या आत परत या, असं दोनदा बजावलं.

सकाळीच, जलाशयाखाली बुडालेल्या जुन्या नाल्यावर जाड कमानी दिसल्या. आकडा अकरा! केवळरामने मोठ्या उत्साहाने दोघांच्या दोऱ्या अकरा फूट मोजून सोडल्या. आणि मग काहीच घडलं नाही. कमानी येत, जात. आमिष बदललं, जागा बदलली, पुन्हा नाल्यावर आले. उन्हाने डोकी तापली, कंबरा धरल्या, भाकरी खाऊन झाली. पलीकडच्या काठावरचं जंगल पाहून पाहून केवळरामला त्याचाही कंटाळा आला. मासे खाली आहेत, दिसताहेत, मग तोंड का लावत नाहीत? यंत्राचा त्याला राग येऊ लागला.

दुलीचंद म्हणाला, "हात भरून आले गा, केवळ." मोजून धरलेली दोरी त्याने सैल सोडली आणि टोक मनगटाला गुंडाळून डोळे मिटले. दोरी आपली जात राहिली, खाली, आणखी खाली.

आणि तो लागला!

दुलीचंद फरफटत डोंगीच्या तोंडाशी गेला. वारा नेमका तेव्हाच सुटला. मासा ओढतोय, वारा ढकलतोय, डोंगी भलतीकडेच निघाली! समोर बुडालेल्या झाडांची खोडं. केवळरामने वल्हं मारलं, उलटं मारलं. काही उपयोग नाही. धाड! डोंगी दोन खोडांत रुतली आणि एका अंगाला कलली.

केवळरामने पडद्याकडे पाहिलं. अडीच. अडीच फूट पाणी, गुडघ्याच्या जरा वर. उतरून डोंगी ढकलून काढावी, एवढंच. तो बिनधास्त उतरला.

पाय टेकलेच नाहीत!

पाणी डोक्यावरून गेलं. खाली खोडात कुणाचं तरी जुनं जाळं अडकलं होतं, त्यात त्याचा डावा पाय गुंतला. तो वर आला, जेमतेम श्वास घेतला, पुन्हा खाली खेचला गेला. मरणाची भीती म्हणजे काय ते त्याला तिथे कळलं.

"केवळ! आवाज दे, मले दिसून नाही राहिलं!"

"इकडं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दुलीचंद आवाजाच्या दिशेने पालथा पडला. डावा हात पाण्यात खुपसला, सदऱ्याची कॉलर हाताला लागली. पण एका हाताने ओढणं होईना. उजव्या मनगटाची दोरी दुसरीकडे ताणत होती. त्याने दातांनी दोरीचे वेढे सोडवले. दोरी सर्रकन गेली. मग दोन्ही हातांनी त्याने असा हिसका दिला की जाळं चपलेसकट खाली राहिलं आणि केवळराम डोंगीच्या कडेवर आला.

खोडांना रेटून डोंगी सोडवत काठाला लागेस्तोवर दिवस कलला होता. दोघेही बांधाच्या दगडांवर आडवे पडले. केवळरामला खोकता खोकता उलगडा झाला: आकडे मीटरचे होते! मासे छत्तीस फुटांवर होते आणि दिवसभर त्यांचे गळ वरच्या पाण्यात लोंबत होते.

"आणि तू पोरांले गणित शिकवलं," दुलीचंद म्हणाला.

केवळरामला हसू येईना. "कायले सोडला बे तू? जिंदगीत एकदा लागला होता."

"मंग का तुले सोडू?"

केवळरामने तोंड फिरवलं. त्याला रडू आवरेना.

मग दुलीचंदने हळूच विचारलं, "वर आला होता का तो? केवढा होता?"

केवळराम तर पाण्याखाली होता. त्याने मासा नखाएवढाही पाहिला नव्हता. त्याने दुलीचंदचे सोललेले हात हातात घेतले आणि ताणता येतील तेवढे दोन बाजूंना ताणले.

"एवढा."

दुलीचंदने हात तसेच धरून ठेवले, विचार केला आणि ते वीतभर जवळ आणले.

"एवढाच सांगजो," तो म्हणाला. "पोरानं मानलं पाह्यजे ना."