धाकटीची श्वासपत्रिका

काशी भाकरीचा घास घ्यायची आणि धूळ अडवणारी तोंडावरची जाळी लगेच खाली ओढायची. तिच्या मनगटावर श्वासकडं होतं. छातीत घरघर सुरू व्हायच्या आधीच ते पिवळं व्हायचं. शेजारी तिची जुळी बहीण माया मांडीवर कोकरू घेऊन जेवत होती आणि मधूनच ओढणीने त्याचं नाक पुसत होती. दोघी आठ वर्षांच्या. चेहरे इतके सारखे, की वाड्यावरची कुत्रीसुद्धा फसावीत.

मेंढरांचा हा वाडा फलटणच्या पुढे एका मोकळ्या रानात उतरला होता. काशी सुट्टीत चार दिवसांसाठी आली होती. एरवी ती साताऱ्याला आत्याकडे राहायची, गाळलेल्या हवेच्या खोलीत.

हे सगळं केलं होतं बापानेच. तायाप्पा पुकळे बारावी पास, अख्ख्या वाड्यावर लिहितावाचता येणारा एकटाच, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! मुली जन्मल्या तेव्हा दवाखान्यात प्रत्येक बाळाची श्वासपत्रिका निघू लागली होती. टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, जनुकांची अक्षरं वाचायची आणि दमा, ॲलर्जी कुणाला होणार ते आधीच सांगायचं. या दोघी एकाच गर्भाचे दोन भाग होऊन झालेल्या, त्यामुळे अक्षरं तीच आणि धोक्याची लाल खूणही तीच. खाली सल्ला होता, 'लोकर, लेंड्या, धूळ टाळावी.' आता बोला! मेंढपाळाच्या लेकींनी जावं कुठं?

"हात दाखवून अवलक्षण," त्याची बायको हिरा म्हणाली होती. "आपल्या सात पिढ्यांत कुणाला धाप लागलीया का?"

तीन दिवस भांडण चाललं. शेवटी हिरा एकच लेक द्यायला तयार झाली; दुसरीला तिने छातीशी धरलं ते सोडलंच नाही. एकीला तायाप्पाने साताऱ्याला बहिणीकडे नेलं. धाकटी काशी जन्मली तेव्हा दोन किलोचीही नव्हती. ती दगावेल या धास्तीने त्याने तिलाच उचललं.

आज या पत्रिकांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर शर्वरी मोकाशी वाड्यावर आल्या होत्या. वाघरीच्या आतली, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्यातली, धूळ त्यांनी बाटल्यांत भरून घेतली. दोघी बहिणींना नळीत फुंकायला लावलं. आकडे पाहिले आणि तायाप्पाला बाजूला बोलावलं.

"पत्रिकेतलं अक्षर बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला. हे अक्षर असलेलं बाळ पहिल्या वर्षात आजूबाजूच्या हवेतून फार शिकतं. बंद खोलीत वाढलं, तर पुढे साध्या धुळीलाही शत्रू समजतं. जनावरांत वाढलं, तर इतर मुलांपेक्षाही धडधाकट होतं. माया तशीच झालीय."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तेव्हा माहीतच नव्हतं. सगळा अभ्यास शहरातल्या मुलांवर झालेला. वाड्यावर कुणी आलंच नव्हतं."

"मंग काशीला हितंच ठिवतो," तायाप्पा घाईघाईने म्हणाला. "वरीसभर मेंढरांत राहील. शिकंल की!"

मोकाशीबाईंनी मान हलवली. "ते वय गेलं, तायाप्पा. आता ही धूळ तिला बाधणारच. औषधं घेऊन ती छान जगेल, पण इथं नाही. आजच्या आज पाठवा तिला. छाती भरायला लागलीय."

तायाप्पाला आता कुणावर ओरडायचीही सोय नव्हती. पत्रिका त्यानेच वाचली होती, लेक त्यानेच नेली होती. हिरा जवळच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. 'मी म्हणत होते ना' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ती काशीचे कपडे भरायला निघून गेली.

दुपारी गाडी आली. तायाप्पाने काशीला उचलून आत बसवलं.

"आबा," तिने विचारलं, "तुम्ही मलाच का नेलं हो? मायाला का नाही?"

तो तिची पिशवी तिच्या पायाशी नीट लावू लागला.

"मी जास्त लाडकी होते, म्हणून ना?"

"व्हय गं बाय," तो कसाबसा म्हणाला. "म्हणूनच."

काशीने जाळीआडून आईकडे पाहिलं, मायाकडे पाहिलं.

"मग थोडी कमी लाडकी झाले, तर मला इथं राहता येईल का?"